पदच्युत देवांची वतने

ज्या देवतांच्या वेदींवरचा अग्नी विझून सोळाशे वर्षे होऊन गेली, ज्यांचे पुजारी गेले, उत्सव गेले आणि ज्यांच्या देवालयांचे संगमरवरी खांब पुढच्या पिढ्यांनी आपल्या घरादारांच्या बांधकामाला खुशाल वापरून टाकले, त्या ग्रीक आणि रोमन देवतांची नावे युरोपच्या बोलण्यातून व आकाशाच्या नकाशांतून काढून टाकणे मात्र आजवर कोणालाही साधलेले नाही. थिओडोशिअस बादशहाने इ. स. ३९१-९२ च्या सुमारास एकामागून एक फर्माने काढून जुनी पूजाअर्चा बंद पाडली खरी. परंतु त्या फर्मानांचा अंमल लोकांच्या जिभेवर काही बसू शकला नाही. देशमुखी-देशपांडेपण जाऊन कैक वर्षे लोटली तरी आडनावे जशी आपल्याकडे बिनतक्रार चालू आहेत, तशीच ही नावेही अधिकार गेल्यावर वहिवाटीने चालत राहिली.

ती मोडून काढण्याचा प्रयत्न झालाच नाही असेही नाही. जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे १६२७ मध्ये युलिउस शिलर नावाच्या एका धर्मनिष्ठ गृहस्थाने एक मोठा तारापट प्रसिद्ध केला आणि त्यात आकाशातील सगळ्या मूर्तिपूजक मंडळींना सरसकट बडतर्फ करून त्यांच्या जागी बायबलातील पवित्र व्यक्तींची नेमणूक केली. बारा राशींच्या ठिकाणी येशूचे बारा शिष्य आले. कॅसिओपिया राणीच्या आसनावर मेरी मॅग्डलीन बसली. पट देखणा होता आणि ताऱ्यांची स्थाने त्या काळाच्या मानाने काळजीपूर्वक दिलेली होती. पण कोणत्याही खलाशाने अथवा ज्योतिर्विदाने ती नवी नावे तोंडात घेतली नाहीत, आणि शिलरचे आकाश ग्रंथालयाच्या कपाटातच राहिले. ज्या युरोपात धर्माच्या नावाने त्याच सुमारास तीस वर्षांचे युद्ध पेटलेले होते, त्याच युरोपाने आकाशापुरते मात्र जुन्याच दप्तराला प्रमाण मानावे, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

हे दप्तर किती पदरी आहे हे पाहावयाचे असेल तर कार्तिक-मार्गशीर्षाच्या रात्री पहिल्या प्रहरी उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. ध्रुवाच्या वरच्या अंगाला इंग्रजी एम अक्षराच्या आकाराचे जे पाच ठळक तारे दिसतात ती कॅसिओपिया, इथिओपियाची राणी. तिच्या पश्चिमेला मंद ताऱ्यांचा, उतरत्या छपराच्या घरासारखा दिसणारा तिचा पती सीफिअस. दक्षिणेला जवळजवळ डोक्यावर आलेली कन्या अँड्रॉमेडा. पूर्वेला जावई पर्सिअस. अँड्रॉमेडाच्या पश्चिमेला पेगॅसस नावाचा पंखांचा घोडा आणि दक्षिण क्षितिजाच्या बाजूस सीटस नावाचा जलराक्षस. एकाच कथेतील सर्व पात्रे शेजारी शेजारी मांडलेली असावीत असे आकाशात एवढे मोठे दुसरे उदाहरण नाही. राणीने आपल्या घराण्याच्या रूपाची सागरकन्यांपुढे फुशारकी मारली. त्या अपमानाने समुद्रदेव पोसायडन कोपला आणि त्याने किनाऱ्यावर राक्षस सोडला. राज्य वाचवायचे तर राजकन्येचा बळी दिला पाहिजे असा कौल मिळाला. आणि बापाने आपल्या पोरीला समुद्रकाठच्या खडकाशी साखळदंडांनी जखडून ठेवले. मेडुसा नावाच्या सर्पकेशी राक्षसीचे शिर कापून परतत असलेल्या पर्सिअसने हे पाहिले, राक्षसाला मारले, आणि राजकन्येशी लग्न केले. मेडुसाच्या रक्तातून जन्मला तो घोडा पेगॅसस. राणीची शिक्षा अजून संपलेली नाही असे ग्रीक म्हणत: ध्रुवाभोवती फिरताना तिला निम्मा काळ आपल्या आसनावर उलटे, डोके खाली करून बसावे लागते.

आता हेच तारे मराठी तारापटात पाहिले तर काय दिसते? सीफिअसचा तेथे वृषपर्वा झाला आहे, कॅसिओपियाची शर्मिष्ठा, अँड्रॉमेडाची देवयानी आणि पर्सिअसचा ययाति. ही नावे आपल्या प्राचीन ज्योतिषग्रंथांतली नव्हेत. पाश्चात्य तारापट मराठीत आणताना अलीकडच्या काळात योजलेली ती आहेत, आणि ज्याने कोणी ती योजली त्याच्या कल्पकतेला दाद दिली पाहिजे. एक राजघराण्याची गोष्ट काढून घेतली तर तिच्या जागी दुसरी राजघराण्याचीच गोष्ट बसवली. खडकावरून सोडवलेल्या राजकन्येच्या ठिकाणी विहिरीतून वर काढलेली देवयानी आली, आणि सोडवणारा पर्सिअस होता तेथे हात देणारा ययाति आला. या व्यवहारात नात्यांची थोडी उलथापालथ झाली, नाही असे नाही. ग्रीक आकाशातील मायलेकी मराठीत सवती झाल्या, आणि राणीचा नवरा तिचा बाप बनला. तथापि शर्मिष्ठेच्या वाट्याला गर्वाचा परिणाम म्हणून दास्य आले आणि कॅसिओपियाच्या वाट्याला उलटे टांगणे आले, हे ध्यानात घेता ही अदलाबदल अगदीच बेहिशेबी म्हणता येणार नाही.

परंतु ग्रीस आणि आपण यांच्या मध्ये आणखी एक पदर आहे, आणि ताऱ्यांच्या नावांच्या बाबतीत तोच सर्वांत जाड आहे. समूहांची नावे ग्रीक पुराणांतली असली तरी त्यांतील एकेका ताऱ्याचे नाव बहुतेक ठिकाणी अरबी निघते. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने इ. स. १५० च्या आसपास लिहिलेला ज्योतिषग्रंथ नवव्या शतकात बगदादेत अरबीत उतरला. तेथेच त्याला अल्माजेस्ट हे आज रूढ असलेले नाव मिळाले. इराणी ज्योतिर्विद अब्दुर्रहमान अल्-सूफी याने ९६४ च्या सुमारास त्यातील तारे स्वतः पाहून, त्यांची चित्रे काढून, स्थिर ताऱ्यांवर एक स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. आणि बाराव्या शतकात स्पेनमधील टोलेडो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने अल्माजेस्टचे अरबीवरून लॅटिनमध्ये भाषांतर केले, तेव्हा कोठे ग्रीकांचे आकाश अरबी सामानसुमानासह युरोपात परत आले. अरबांना पर्सिअसच्या कथेशी काही कर्तव्य नव्हते. त्यांनी चित्रात जे दिसले त्याचे वर्णन केले. अँड्रॉमेडा म्हणजे साखळदंडातील स्त्री. कॅसिओपिया म्हणजे 'जात अल्-कुर्सी', कुर्सीवाली बाई. ही कुर्सी म्हणजे आपली रोजच्या वापरातली खुर्चीच होय. देवयानीच्या मस्तकावर जो तारा आहे, आणि जो आपल्या उत्तरा भाद्रपदा नक्षत्रातही मोडतो, त्याचे नाव अल्फेरात्झ; अर्थ पाहू जाता ती घोड्याची बेंबी आहे. राजकन्येचे मस्तक आणि घोड्याचे पोट यांच्या सरहद्दीवर तो पडत असल्याने दोघांचाही त्याच्यावर पूर्वापार हक्क होता. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने १९३० मध्ये अठ्ठ्याऐंशी समूहांच्या हद्दी कायम केल्या तेव्हा निकाल राजकन्येच्या बाजूने लागला, आणि घोड्याला आपल्या बेंबीवर पाणी सोडावे लागले.

नकलनविसाच्या एका टिंबाने काय घडू शकते याचा नमुनाही येथेच पाहण्यासारखा आहे. ग्रीकांचा शिकारी ओरायन, म्हणजे आपला मृग, याच्या खांद्यावरील तांबड्या ताऱ्याला अरब 'यद अल्-जौझा', जौझाचा (म्हणजे त्यांच्या लेखी याच आकृतीचा) हात, असे म्हणत. अरबी लिपीत शब्दारंभीच्या 'य'खाली दोन टिंबे असतात आणि 'ब'खाली एक. लॅटिन भाषांतराच्या वेळी कोणाच्या तरी हातून दोनाचे एक झाले, 'य'चा 'ब' झाला, आणि त्यातून बेटलज्यूज हे कोणत्याच भाषेत अर्थ नसलेले नाव निपजले. पुढच्या पंडितांनी त्या अर्थहीन शब्दाला ओढूनताणून काखेचा अर्थ लावला. मराठी तारापटात या ताऱ्याला काक्षी म्हणतात. तेव्हा कक्षेचा, म्हणजे काखेचा, हा अर्थ समुद्र ओलांडून इकडेही आला असे दिसते. याच ओरायनचे नाव लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये वेदकालनिर्णयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथाला दिले, आणि ओरायन व वैदिक आग्रयण हे शब्द मुळात एकच असावेत असाही तर्क त्यात मांडला. तो तर्क भाषाशास्त्रज्ञांनी उचलून धरला नाही; पण मृगातील मधल्या तीन ताऱ्यांत रुद्राचा बाण पाहणारी वैदिक कथा आणि तेथेच शिकाऱ्याचा कमरपट्टा पाहणारी ग्रीक कथा शेजारी ठेवून पाहण्याचा त्यांचा उद्योग आजही वाचनीय वाटतो.

सर्वांत विलक्षण हकिकत मात्र पर्सिअसच्या हातातील त्या कापलेल्या शिराची आहे. मेडुसाच्या मस्तकावर टॉलेमीने जो तारा नोंदवला त्याला अरबांनी 'रास अल्-गूल', राक्षसाचे डोके, असे नाव दिले, आणि युरोपियनांनी त्याचे अल्गोल केले. हा तारा नेहमी सारखा तेजस्वी नसतो. दोन दिवस, वीस तास आणि एकोणपन्नास मिनिटे झाली की त्याचे तेज उतरू लागते, काही तासांत ते एक तृतीयांशाहूनही कमी होते, आणि पुन्हा चढते. जणू काही ते मेलेले डोके एक डोळा मिटून उघडते आहे. प्राचीनांनी ही उघडझाप पाहूनच त्याला राक्षसाचे नाव दिले असे पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. परंतु टॉलेमीने किंवा अल्-सूफीने त्याच्या तेजातील फरकाचा एका अक्षरानेही उल्लेख केलेला नाही, तेव्हा हा मोह आवरलेला बरा. नाव कथेवरून पडले, आणि खरे ठरले ते योगायोगाने.

या उघडझापीचे वेळापत्रक प्रथम बसवले ते इंग्लंडातील यॉर्क गावच्या जॉन गुडरिक नावाच्या एका मुलाने. तो लहानपणापासून ठार बहिरा होता. शेजारी राहणाऱ्या एडवर्ड पिगट या हौशी ज्योतिर्विदाच्या संगतीने तो रात्रीमागून रात्री खिडकीशी बसून अल्गोलचे तेज आसपासच्या ताऱ्यांशी ताडून पाही. १७८३ मध्ये, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, त्याने रॉयल सोसायटीला कळवले की एकतर या ताऱ्याभोवती फिरणारे मोठे पिंड मधूनमधून त्याच्या आड येत असावे, नाहीतर त्याच्या अंगावर डाग असून ते फिरत फिरत आपल्यापुढे येत असावेत. यातला पहिला तर्क बरोबर होता, आणि तो सिद्ध व्हायला १८८९ साल उजाडावे लागले. सोसायटीने त्याला कोपली पदक दिले. पुढच्याच वर्षी त्याला सीफिअस राजाच्या अंगावरचा डेल्टा हा ताराही असाच, पण निराळ्या रीतीने, सुमारे पाच दिवस नऊ तासांत कमीअधिक होताना आढळला. १७८६ च्या एप्रिलात सोसायटीने त्याला आपला सदस्य निवडले आणि त्याच महिन्यात तो वारला. त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता.

डेल्टा सीफीच्या जातीच्या ताऱ्यांना पुढे सीफाइड असे नाव पडले. हार्वर्डच्या वेधशाळेत तुटपुंज्या पगारावर काचेच्या छायापट्ट्या तपासण्याचे काम करणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी, ज्यांचीही श्रवणशक्ती क्षीण झालेली होती, १९१२ मध्ये दाखवून दिले की सीफाइडचा फेरा जितका लांब तितके त्याचे खरे तेज अधिक. म्हणजे फेरा मोजला की खरे तेज कळते, आणि खरे तेज दिसणाऱ्या तेजाशी ताडले की अंतर कळते. १९२३ च्या ऑक्टोबरात एडविन हबलला कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवरच्या शंभर इंची दुर्बिणीतून घेतलेल्या एका छायापट्टीवर असाच एक सीफाइड सापडला, आणि तो होता अँड्रॉमेडातील त्या अंधुक ढगात, ज्याची नोंद अल्-सूफीने हजार वर्षांपूर्वी करून ठेवलेली होती. हबलचा हिशेब सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षांचा आला. पुढे सीफाइडच्या दोन जाती असल्याचे कळून तो दुरुस्त झाला, आणि आज तेच अंतर पंचवीस लाख प्रकाशवर्षे धरतात. हा ढग आपल्या आकाशगंगेतला नसून स्वतंत्र दीर्घिका आहे, विश्व एका आकाशगंगेत मावणारे नाही, हे त्या एका ताऱ्यावरून निर्विवाद ठरले. ज्या बापाने पोरीला खडकाशी जखडले त्याच्याच नावाच्या दिव्याने तिच्या मुलखाचे अंतर मोजले जावे, हा योग कोणत्याही ग्रीक नाटककाराने पसंत केला असता.

ताऱ्यांवरून ग्रहांकडे आले की ग्रीक मागे पडतात आणि रोमन पुढे येतात. इंग्रजीत आनंदी माणसाला जोव्हियल, खिन्न माणसाला सॅटर्नाइन आणि क्षणात एक, क्षणात दुसरे अशा स्वभावाला मर्क्युरियल म्हणतात, कारण त्या त्या माणसावर गुरू, शनी वा बुध यांचा अंमल आहे असे फलज्योतिषी सांगत. आपल्याला हे चमत्कारिक वाटू नये. साडेसाती आणि मंगळ यांचे जे शास्त्र आपल्याकडे आहे त्याच्या पूर्वजांतही अलेक्झांड्रियाचे यवन बसलेले आहेत. होरा हा शब्द मूळचा ग्रीक, आणि मेषेला वराहमिहिराने दिलेले क्रिय हे दुसरे नाव म्हणजे ग्रीकांचा क्रिओस. इंग्रजाचा वेन्सडे, फ्रेंचांचा मेर्क्रेदी आणि आपला बुधवार हे तिघेही एकाच ग्रहाचे वार आहेत, तेही याच कारणाने.

ग्रहांची नावे पुढे रसायनशास्त्राच्या कारखान्यात गेली. हर्शलने १७८१ मध्ये नवा ग्रह शोधला आणि त्याला राजा तिसऱ्या जॉर्जचे नाव देऊ केले. पण बोडे या जर्मन ज्योतिर्विदाने सुचवलेले युरेनस हेच अखेर टिकले, आणि बर्लिनच्या क्लापरोथने १७८९ मध्ये आपल्या नव्या धातूला युरेनियम म्हटले. १९३० मध्ये प्लूटो सापडला. त्याचे नाव ऑक्सफर्डच्या व्हेनिशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने सकाळच्या न्याहारीच्या वेळी आजोबांना सुचवले. त्याच आजोबांच्या भावाने १८७७ मध्ये सापडलेल्या मंगळाच्या दोन चंद्रांना फोबॉस आणि डायमॉस, म्हणजे भय आणि धास्ती, ही नावे सुचवली होती, तेव्हा हे घराण्यातच होते म्हणायचे. युरेनियमच्या पलीकडची मूलद्रव्ये १९४० च्या सुमारास बर्कली येथे तयार झाली, तेव्हा ग्रहांच्या क्रमाने नेपच्यूनियम आणि प्लुटोनियम ही नावे ओघानेच आली. नामकरण निव्वळ क्रमावरून झाले, मृत्युलोकाच्या राजाचा विचार त्यात नव्हता. परंतु ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर जो बाँब पडला तो प्लुटोनियमचा होता.

याच्या उलट टँटलम हे नाव पूर्ण विचारांती दिलेले आहे. टँटलस हा देवांच्या पंक्तीला बसणारा राजा. त्याने देवांचाच अपराध केला, आणि पाताळात त्याला हनुवटीपर्यंत पाण्यात उभे करण्यात आले. तो पिण्यासाठी वाकला की पाणी ओसरे, डोक्यावरच्या फळांना हात घातला की वारा फांदी उडवून नेई. यावरून इंग्रजीत टँटलाइज हे क्रियापद आले, आणि इंग्रज गृहस्थांच्या दिवाणखान्यात मद्याच्या सुरया दिसतील पण काढता येणार नाहीत अशी जी कुलूपबंद लाकडी घडवंची असे तिलाही टँटलस म्हणू लागले. नोकरमाणसांसाठी ती शिक्षा होती हे उघडच आहे. स्वीडनच्या एकेबर्गला १८०२ मध्ये जे नवे द्रव्य मिळाले त्याचे भस्म आम्लात बुडवून ठेवले तरी आम्लाचा थेंबही आत घेईना, म्हणून त्याने त्याला टँटलम म्हटले. पुढे त्याच खनिजात दडलेले दुसरे द्रव्य हाइनरिख रोझला १८४४ मध्ये वेगळे ओळखता आले, तेव्हा त्याने टँटलसच्या मुलीच्या, नायोबीच्या, नावावरून त्याला नायोबियम हे नाव दिले. बापलेकींना एका खनिजात नांदवणाऱ्या या रसायनज्ञांचे पुराणवाचन आपल्या हरदासांच्या तोडीचे असले पाहिजे.

बाजारात ऐकू येणाऱ्या पॅनिक या शब्दामागे बकऱ्याच्या पायांचा वनदेव पॅन उभा आहे. रानात कळपांना आणि रणांगणावर सैन्यांना कारण नसता एकाएकी जी धडकी भरते ती त्याची करणी मानीत. मॅरेथॉनच्या लढाईपूर्वी, इ. स. पू. ४९० मध्ये, अथेन्सहून स्पार्टाला मदत मागण्यासाठी धावत निघालेल्या जासुदाला तो डोंगरात भेटला आणि "अथेन्सवाले माझी काहीच दखल का घेत नाहीत?" असे त्याने विचारले, असे हेरोडोटस सांगतो, लढाई जिंकल्यावर अथेन्सकरांनी त्याचे ठाणे बसवून ही थकबाकी चुकती केली. पैशाला मनी म्हणतात ते जूनो मोनेटा या देवीमुळे, कारण रोमची टांकसाळ तिच्या देवळालगत होती. मुंबईच्या फोर्टातील मिंट रोडवरून जाणाराही नकळत तिचेच नाव घेत असतो, कारण मिंट हाही त्याच मोनेटाचा अपभ्रंश आहे. आणि आपले नाणे? कनिष्काच्या नाण्यांवर नना नावाची एक देवी आढळते, आणि संस्कृतातील नाणक हा शब्द तिच्यावरून आला असावा असे मत काही संशोधकांनी मांडले आहे. ते खरे असेल तर दोन्हीकडच्या पैशावर देवीचाच छाप आहे.

आकाशाचे दप्तर अजून बंद झालेले नाही. २००५ मध्ये प्लूटोच्या पलीकडे एक पिंड सापडला, त्यावरून ग्रह कशाला म्हणावे याचा तंटा माजला, आणि पुढल्या वर्षी प्लूटोचे ग्रहपद गेले. त्या पिंडाला कलहाची देवता एरिस हिचे नाव देण्यात आले, ते समर्पकच म्हणायचे. ताऱ्यांच्या नावांची अधिकृत यादी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाच्या मंडळाने अलीकडे इतर संस्कृतींची नावेही दाखल करून घेण्यास आरंभ केला असून २०१७ मध्ये भरणी आणि रेवती ही दोन नावे त्यात चढली. त्यांपैकी रेवती हा मीन राशीतील झीटा नावाचा तारा. टायफन राक्षसाच्या भयाने नदीत उडी घेतलेल्या ॲफ्रोडाइटी आणि तिच्या मुलाच्या रक्षणासाठी ग्रीकांनी ज्या दोन माशांना आकाशात जागा दिली त्यांना बांधणाऱ्या दोरीवर तो आहे, आणि इतका मंद आहे की पुण्यामुंबईच्या दिव्यांत तो नुसत्या डोळ्यांनी सापडायचा नाही. पण याच ताऱ्यापासून राशिचक्राचा आरंभ धरावा की चित्रेच्या समोरच्या बिंदूपासून धरावा, यावर महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांत दीर्घकाळ वाद झाला. टिळक पंचांग रेवतीच्या बाजूने आहे, बाकीची बहुतेक चित्रेच्या. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक पडतो, आणि त्यापायी एखाद्या वर्षी अधिक मास वेगळा येऊन टिळक पंचांग मानणाऱ्या घरची दिवाळी शेजाऱ्यांच्या दिवाळीशी महिन्याचे अंतर ठेवून येते.